खोटं बोलणारा डाग

"सांग तुझ्या बाबांना, गॅरेजमध्ये तेलाचं तळं झालंय! आता त्यात बदकं सोडा म्हणावं!"

खालच्या मजल्यावरून काका गरजले. ठिणगी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. वरच्या मजल्यावर तिचे बाबा वर्तमानपत्राआडून प्रत्येक शब्द ऐकत होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कारण वर्तमानपत्र रागाने थरथरत होतं. पण नियम म्हणजे नियम. ती वर गेली.

"बाबा, काका म्हणतात, गॅरेजमध्ये बदकं सोडा."

"त्याला सांग, पहिलं बदक तूच हो!"

ठिणगी खाली आली. "काका, बाबा म्हणतात, पहिलं बदक तुम्हीच व्हा."

"मी बदक? आणि तो कोण? सांग त्याला..."

"काका, माझे पाय दुखायला लागले हो!"

परीक्षेच्या आधीपासून हे असंच चाललं होतं. थोरले वर राहायचे, धाकटे खाली. दोघे सख्खे भाऊ, एकाच छपराखाली. पण एकमेकांशी एक अक्षर बोलायचे नाहीत. निरोप पोचवायला मुलं होतीच. वरून खाली जाणारे निरोप ठिणगीकडे, खालून वर जाणारे काकांच्या मुलीकडे; ती हाताशी नसली की दोन्हीकडचे ठिणगीच्याच गळ्यात. तिचं नाव घरात कोणी घेत नसे, सगळे तिला भोंगा म्हणत. ती कुजबुजली तरी कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू जायचं. तिचा धाकटा भाऊ डिंक. एखाद्या गोष्टीला चिकटला की सुटायचा नाही. त्याला मात्र निरोप कोणी देत नसे, कारण तो जिन्यात थांबून "पण का?" असं विचारत बसायचा.

भांडण कशावरून झालं होतं? ते कोणीच सांगत नव्हतं. दोघी जावा मागच्या दारी एकमेकींशी मजेत गप्पा मारायच्या, पण मुलांनी हा प्रश्न काढला की त्यांना एकदम चुलीवर ठेवलेलं दूध आठवायचं.

आणि तळं? ते गाडीच्या इंजिनातून गळत होतं.

गाडी आजोबांच्या वेळची होती. राखाडी, जड, दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज करणारी. ती दोघा भावांची मिळून होती, म्हणून तिच्यावरूनही रोज चकमक. "त्यानेच तिची वाट लावली!" हे वाक्य वरूनही यायचं आणि खालूनही.

सोमवारी नाक्यावरचे मिस्त्री गाडी बघायला आले. त्यांच्या पँटला कडक इस्त्री होती, म्हणून ते खाली वाकले नाहीत. त्यांनी जमिनीवरचा काळा डाग बुटाच्या टोकाने दाखवला.

"डाग पुढच्या चाकांच्या मागे आहे. म्हणजे इंजिनचं तेल अडवणारं मागचं सील गेलं. अख्खं इंजिन बाहेर काढावं लागेल. या वयाच्या गाडीला कोण एवढा खटाटोप करतो? बुधवारी सकाळी मी ओढून नेतो. भंगारात घालतो. तुमच्या डोक्याचा ताप गेला!"

"न्या!" वरच्या खिडकीतून थोरले म्हणाले. "त्याच्या हातात राहण्यापेक्षा भंगारात गेलेली बरी!"

"न्या!" खालच्या दारातून धाकटे म्हणाले. "त्याच्या हातात राहण्यापेक्षा भंगारात गेलेली बरी!"

कित्येक आठवड्यांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि तेही असं!

जिन्याजवळच्या खोलीत आत्या बसली होती. थोरल्यांहूनही थोरली. तिचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नसे. लहानपणच्या आजारातून तो तसाच सरळ राहिला होता. दुसऱ्या कुठल्याही गाडीत तो पाय मावायचा नाही. या जुन्या गाडीची पुढची सीट मात्र बाकासारखी सलग होती, आणि ती पार मागे सरकायची. आत्या त्यात ऐसपैस बसायची, पाय लांब करून, राणीसारखी.

आणि दर गुरुवारी ती जायची मुलांच्या हॉस्पिटलमध्ये. तिथल्या मोठ्या वॉर्डात खाटांच्या मधोमध खुर्ची टाकून ती गोष्ट सांगायची. नुसती सांगायची नाही, सांगता सांगता गायला लागायची! गोष्टीतला राजा संकटात सापडला की आत्याचा सूर चढायचा, आणि प्लास्टरमधली, पट्ट्यांमधली, नळ्या लावलेली सगळी पोरं तिच्यामागून ध्रुवपद म्हणायची. मागच्या गुरुवारी तिने गोष्ट मुद्दाम अर्ध्यावर थांबवली होती.

*हत्ती रुतला चिखलात,*
*राजा पडला विचारात!*

"पुढे काय झालं ते पुढच्या गुरुवारी," असा शब्द तिने खिडकीजवळच्या खाटेवरच्या एका चिमुरडीला दिला होता. त्या चिमुरडीचं शुक्रवारी ऑपरेशन होतं. "गोष्ट संपल्याशिवाय मी आत जाणार नाही," असं तिने सगळ्या नर्सबाईंना बजावून ठेवलं होतं.

मिस्त्री गेल्यावर आत्या खिडकीतून गाडीकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "देवा, हत्ती चिखलातच राहिला रे."

ते मुलांनी ऐकलं.

---

मंगळवारी सकाळी गॅरेजमध्ये युद्ध पेटलं.

"तुझ्या पप्पांमुळे झालंय हे!" ठिणगी ओरडली. "गाडी चालवतात की उसाचा चरक?"

"आणि तुझे बाबा? गिअर टाकतात की दात काढतात गाडीचे?" भोंगा ओरडली. फळीवरचे पाने खणखणले.

"हळू बोल! कानाचे पडदे फाटतील!"

"मी हळूच बोलतेय!"

"आत्याचा गुरुवार तुमच्यामुळे बुडणार!"

"तुमच्यामुळे!"

"तुमच्या..."

"डाग सरकलाय," डिंक म्हणाला.

दोघींनी खाली पाहिलं. डिंक पोटावर पालथा पडून गाडीखाली बघत होता. त्याची हनुवटी जमिनीला टेकली होती आणि नाकाचा शेंडा काळा झाला होता.

"काय बरळतोयस?" ठिणगी म्हणाली. "काल संध्याकाळी बाबांनी गाडी उलटी लावली, म्हणून डागही दुसरीकडे पडला. त्यात काय मोठं?"

ते खरं होतं. गाडी लावण्यातही दोघा भावांचं वाकडं होतं. धाकटे गाडीचं तोंड भिंतीकडे करून लावायचे. थोरले मुद्दाम ती उलटी, दाराकडे तोंड करून लावायचे.

"तसं नाही," डिंक म्हणाला. "मिस्त्रीकाकांनी दाखवलेला डाग पुढच्या चाकांच्या मागे होता. आजचा ताजा डाग चाकांच्या पुढे आहे."

"मग?"

"सील मागचं गेलंय ना? मग तेल पुढे कसं पडलं?"

ठिणगीने वाकून दोन्ही डाग पाहिले. 

जमीन सपाट आहे का ते बघायला भोंगाने कोपऱ्यातल्या बादलीतलं पाणी ओतलं. पाणी क्षणभर थबकलं आणि मग सुळकन दाराच्या दिशेने पळालं.

"उतार आहे!" भोंगा किंचाळली. "गाडी धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून जमीन दाराकडे उतरती केलीय!"

"म्हणजे तोंड भिंतीकडे असलं की गाडीचं नाक वर," ठिणगी भराभर बोलू लागली, "आणि तेल इंजिनच्या पोटाखालून मागे ओघळतं. तोंड दाराकडे असलं की नाक खाली, म्हणून तेल पुढे! अगं, आमच्या स्वयंपाकघरात नाही का, नळाचा जोड गळत होता ओट्याच्या वर, आणि पाणी पाइपवरून घरंगळत पार कचऱ्याच्या डब्याशी ठिबकायचं! आई आठवडाभर डबाच बदलत होती!"

"म्हणजे तो डाग खोटं बोलतोय," डिंक म्हणाला. "तेल पडतं कुठे, एवढंच तो सांगतो. निघतं कुठून, ते नाही सांगत."

"आणि मिस्त्रीकाकांनी त्या लबाडाचं ऐकलं!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ठिणगीला आपल्या चुलत भावंडांशी तह करायचा मुळीच उत्साह नव्हता. पण उद्या बुधवार होता.

"गुरुवारपुरता," ती म्हणाली.

"गुरुवारपुरता," भोंगा म्हणाली. "शुक्रवारी मी तुझ्याशी परत भांडणार आहे."

"भांड की! घाबरते का मी?"

---

आधी इंजिन पुसायला हवं होतं. ते इतकं तेलकट, काळंकुट्ट होतं की ताजं कुठलं आणि जुनं कुठलं, काही कळायची सोय नव्हती. चिंध्या शोधायला भोंगा जुन्या टायरांमागे शिरली आणि एक काळा बोळा घेऊन बाहेर आली.

"ही घे. चांगली मोठी आहे."

ठिणगीने तो बोळा उलगडला. त्याला बाह्या होत्या. कॉलर होती. काळ्या डागांमधून मोत्यासारखी बटणं चमकत होती.

"अगं, हा तर बाबांचा नवा शर्ट! मावशीने आणलेला! धुऊन दोरीवर वाळत घातला होता आणि एकाएकी नाहीसा झाला, तोच हा!"

"मग तो इथे कसा आला?"

"तुझ्या पप्पांनी त्याने इंजिन पुसलेलं दिसतंय!"

"माझ्या पप्पांनी? काहीतरीच!" भोंगाचा चेहरा मात्र पडला. घरात कुठलंही कापड दिसलं की त्याने हात पुसायचे, ही तिच्या पप्पांची सवय सगळ्यांना माहीत होती. एकदा त्यांनी पाहुण्यांच्या शालीने सायकलची साखळी पुसली होती.

"म्हणून अबोला," डिंक म्हणाला. "शर्टावरून."

"एवढ्यावरून?" भोंगा म्हणाली.

"एवढ्यावरून काय? नवा होता तो!" ठिणगीची ठिणगी पुन्हा उडणार होती, पण तिने दात आवळले, शर्ट बाजूला ठेवला आणि आईच्या उशीचा जुना अभ्रा फाडून चिंध्या केल्या.

साबणाचं पाणी आणि चिंध्या घेऊन तिघांनी इंजिनची बाजू घासली. भोंगाचे केस तेलकट झाले. ठिणगीचं कोपर खरचटलं. डिंक खालच्या एका कोपऱ्याला असा चिकटला की त्याला ओढून काढावं लागलं. इंजिन स्वच्छ झालं, कोरडं झालं, आणि मग डिंकला एक कल्पना सुचली.

"चिमणी वाळूवरून चालली की पाय उमटतात ना? तेलाचेही उमटले पाहिजेत."

"तेलाला पाय असतात का रे?"

"पावडर लावूया. पांढरी. त्यावरून तेल गेलं की रेघ दिसेल."

पावडर होती एकाच ठिकाणी. तिघं आत्याच्या खोलीत गेली. आत्याने सगळं ऐकून घेतलं. डागाचं, उताराचं, पाइपाचं. ऐकता ऐकता तिचे डोळे चमकायला लागले. तिने कपाटातला पावडरचा डबा काढून डिंकच्या हातात दिला आणि काठी उचलली.

"गाडी चालू मी करणार. तुम्ही किल्लीला हात लावायचा नाही. आणि इंजिन फिरत असताना जो कोणी जवळ जाईल, त्याला मी गोष्टीतल्या राक्षसाच्या ताटात वाढीन. कळलं?"

"हो, आत्या!"

डिंकने पावडर उडवली. अर्धी इंजिनवर बसली, अर्धी डिंकवर. तो शिंकला आणि पांढऱ्या धुक्यात दिसेनासा झाला.

"भूत!" भोंगा ओरडली. रस्त्यावरून जाणारा सायकलवाला दचकून थांबला.

आत्या सीटवर सरकून बसली, गिअर मोकळा आहे आणि ब्रेक ओढलेला आहे हे तिने दोनदा पाहिलं, आणि किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि घुमायला लागली. मुलं दारात उभी होती. इंजिन तापेपर्यंत आत्या तोंडातल्या तोंडात ध्रुवपद गुणगुणत राहिली. मग तिने इंजिन बंद केलं, किल्ली काढून मांडीवर ठेवली, आणि थोडं निवू दिल्यावर म्हणाली, "आता या."

तिघं धावली.

पांढऱ्या पावडरीत एक काळी, ओली रेघ उमटली होती! गोगलगाय भिंतीवरून जावी तशी. खाली इंजिनच्या पोटाशी ती रुंद होती. डिंकने बॅटरीचा झोत तिच्यावर धरला आणि वर वर सरकवत नेला. रेघ बारीक झाली, एका बोल्टला वळसा घालून वर चढली, आणि डब्यासारख्या एका गोल वस्तूपाशी थांबली. त्या डब्याच्या वरच्या बाजूला पावडर पांढरीशुभ्र होती.

"इथून निघतंय!" ठिणगी म्हणाली. "मागच्या सीलपाशी काहीच नाही. तिथे पावडर जशीच्या तशी!"

"तो डबा म्हणजे तेलाची गाळणी," आत्या सीटवरून म्हणाली. "फिल्टर. तेलातली घाण अडवतो. तसाच एक नवा फळीवर असेल बघा, खोक्यात."

भोंगाने खोकं आणलं. आतल्या नव्या फिल्टरच्या तोंडाशी काळ्या रबराची एक गोल कडी होती. एकच.

डिंकने आत्याचा हातआरसा मागून घेतला. इंजिनवरच्या फिल्टरच्या मागे तो धरला, बॅटरी तिरकी केली आणि बघत राहिला. किती तरी वेळ बघत राहिला.

"बोल की रे!" भोंगाने त्याला हलवलं.

"दोन," डिंक म्हणाला.

"काय दोन?"

"रबराच्या कड्या. एकीवर एक. मधून तेल येतंय."

---

पण मोठ्यांना सांगायचं कसं?

ठिणगी बाबांकडे गेली. "बाबा, मागचं सील गेलेलंच नाहीये! फिल्टरपाशी..."

"त्याने पाठवलंय ना तुला? सांग त्याला, मला गाडीतलं कळतं!"

भोंगा पप्पांकडे गेली. तिने "पप्पा, फिल्टर" एवढंच म्हटलं आणि ते उसळले, "फिल्टरचं नाव काढू नकोस! त्या दिवसाचं नाव काढू नकोस!"

शेवटी तिघं नाक्यावर मिस्त्रींकडे गेली. मिस्त्री खुर्चीत बसून इस्त्रीची घडी चाचपत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि खो खो हसले.

"गाडीला पावडर लावली? आता काजळ घाला, वेणी घाला! अरे पोरांनो, माझं अर्धं आयुष्य गेलं इंजिनात. डाग बघितला की मी रोग सांगतो."

"पण तुम्ही वाकून बघितलंच नाहीत," डिंक म्हणाला.

मिस्त्रींचं हसू थांबलं. "घरी जा. उद्या सकाळी गाडी ओढायला येतोय. आणि तू, नाक पूस आधी!"

तिघं घराकडे निघाली. ठिणगीने तीन दगड लाथाडले, भोंगाने चौथा. मग एकदम ठिणगी थांबली.

"निरोप!" ती म्हणाली. "सगळी गोम त्यातच आहे! ते एकमेकांशी बोलत नाहीत, कारण आपण त्यांच्या वतीने बोलतो! उद्या आपण बोलायचंच नाही!"

"मी? नाही बोलायचं?" भोंगाने छातीवर हात ठेवला. "मरेन मी!"

"मधे एकदा बोलायला मिळेल. तेव्हा मात्र तुझ्या आवाजात बोल. आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं."

भोंगाचा चेहरा उजळला.

---

बुधवारी सकाळी मिस्त्रींचा ट्रक आला. साखळी, हूक आणि दोन माणसं घेऊन. गॅरेजचं दार उघडलं, आणि मिस्त्री जागच्या जागी थबकले.

पुढच्या सीटवर आत्या बसली होती. पाय लांब करून, काठी आडवी धरून. किल्ली तिच्या मुठीत होती.

"बाई, उतरा की! गाडी न्यायचीय."

"न्या ना. मला धरूनच न्या. मलाही भंगारात घाला."

"अहो, काय हे! मालक! ओ मालक!"

वरची खिडकी उघडली. "ठिणगे! त्याला सांग, ताईला उतरवून घे म्हणावं!"

ठिणगी गॅरेजच्या दारात उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला.

खालचं दार उघडलं. "भोंगे! वर जाऊन सांग, हा त्याचाच उद्योग आहे म्हणावं!"

भोंगानेही तोंडावर हात ठेवला. तिचे गाल फुग्यासारखे फुगले होते. डिंकला कोणी निरोप देत नसे, तरी त्याने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"अगं, ऐकू येत नाही का?"

"कार्टे, सांगतेस का नाही?"

कोणीच हललं नाही. शेजारच्या खिडक्यांत डोकी दिसू लागली. शेवटी थोरले दाणदाण जिना उतरले. त्याच वेळी धाकटे बाहेर आले. दोघे गॅरेजच्या दारात समोरासमोर उभे राहिले आणि लगेच एकाने डाव्या भिंतीकडे तोंड केलं, एकाने उजव्या.

ठिणगीने भोंगाला कोपर मारलं.

"फिल्टर काढला कोणी?" भोंगा गरजली. ट्रकवरची साखळी किणकिणली. मिस्त्रींच्या एका माणसाने कान झाकले.

थोरले दचकले. "मी काढला," ते डाव्या भिंतीला म्हणाले. "नीट काढला! मग हात पुसायला फडकं मागितलं, तर या गृहस्थाने माझा नवा शर्ट दिला! मी हात पुसले आणि मग बटणं दिसली! तसाच उठलो आणि निघून गेलो!"

"बसवला कोणी?"

"मी बसवला," धाकटे उजव्या भिंतीला म्हणाले. "नीट बसवला! अर्धं काम टाकून गेला होता ना हा! मी एकट्याने पुरं केलं! शर्ट आहे हे मला काय माहीत? गोळा करून ठेवला होता कोणीतरी!"

"मग," भोंगाने छाती भरून श्वास घेतला, "जुनी रबराची कडी काढली कोणी?"

गाडीखाली एक थेंब ठप्प करून पडला. 

"ती... ती इंजिनला चिकटून राहिली होती," थोरले हळू म्हणाले. "हात पुसून मग काढणार होतो."

"मला वाटलं, काढलीच असेल," धाकटे त्याहून हळू म्हणाले.

"आणि विचारायचं कसं? अबोला ना!" आत्या सीटवरून म्हणाली.

मिस्त्री घाईघाईने पुढे आले. "हा सगळा पोरखेळ आहे! मागचं सील..."

"मग वाका आणि दाखवा," डिंक म्हणाला. त्याने हातआरसा आणि बॅटरी पुढे केली. "पावडर तशीच ठेवलीय आम्ही."

सगळे बघत होते. शेजारच्या खिडक्यासुद्धा. मिस्त्रींनी पँट वर ओढली आणि वाकले. इस्त्री मोडली. त्यांनी पांढऱ्या पावडरीतली काळी रेघ पाहिली, मागचं कोरडं सील पाहिलं, आरशात दोन कड्या पाहिल्या. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"असं होऊ शकतं," ते पुटपुटले. "मी म्हणणारच होतो..."

"काय म्हणणार होतात? काजळ घाला?" ठिणगी म्हणाली.

धाकट्यांनी बाह्या सरसावल्या. भोंगाने खाली परात ठेवली. त्यांनी फिल्टर दोन्ही हातांनी धरला आणि जोर लावला. फिल्टर हलेना. त्यांचं तोंड लाल झालं. पुन्हा जोर लावला. थोरले डाव्या भिंतीकडे बघत होते, मग हळूहळू त्यांची मान वळली, मग खांदे वळले, मग त्यांच्याने राहवेना.

"अरे, आवळतोयस! उलटा फिरव! उलटा!"

"कळतंय मला!"

"काय कळतंय? लहानपणापासून बाटलीची झाकणंसुद्धा मीच उघडून देतोय तुला!"

"मग ये की! उभा काय राहिलायस?"

"सरक मग!"

डिंकने ठिणगीची बाही ओढली. "बोलले!" तो कुजबुजला. ठिणगीने त्याच्या तोंडावर स्वतःचा हात ठेवला.

चार हातांखाली फिल्टर कुरकुरला, सुटला, आणि काळं तेल परातीत धबाधबा कोसळलं. फिल्टरच्या तोंडाशी एक कडी होती. आणि इंजिनवर, चपटी होऊन चिकटलेली, दुसरी. थोरल्यांनी ती नखाने सोलून काढली आणि तळहातावर धरली. एवढीशी ती. अबोल्यापायी ती तिथेच राहून गेली होती, आणि उद्या एका वॉर्डाचा गुरुवार गिळणार होती.

"फडकं," ते म्हणाले.

धाकट्यांनी इकडेतिकडे पाहिलं. डिंकने निमूटपणे तो काळा शर्ट पुढे केला. दोघा भावांनी त्याची एक एक बाही धरली आणि हात पुसले. भिंतीकडे आता कोणी पाहिलं नाही. 

नव्या फिल्टरच्या कडीला धाकट्यांनी बोटभर तेल चोळलं. थोरल्यांनी तो हाताने घट्ट बसवला. गेलेलं तेल भरलं, दांडी बुडवून पातळी पाहिली. "जास्त झालं," "नाही झालं," "डोळे तपास," "तू तपास," असं करत करत एकदाचं जमलं. भोंगाने पुन्हा पावडर उडवली. आत्याने किल्ली फिरवली. इंजिन तापलं, घुमलं, निवलं. पावडर पांढरी ती पांढरीच राहिली!

मिस्त्रींनी ट्रक मागे घेतला. जाताना मात्र ते डिंकसमोर थांबले. "तू म्हणालास ते बरोबर होतं. वाकायला हवं होतं," ते म्हणाले आणि मोडलेल्या इस्त्रीनिशी निघून गेले.

"डाग फिरलाय हे माझ्या मुलाने ओळखलं!" धाकटे शेजाऱ्यांना ओरडून सांगत होते.

"पण तेल ओघळतं कसं, ते माझ्या मुलीने सांगितलं!" थोरले त्याहून मोठ्याने म्हणाले.

"पावडर कोणाची कल्पना? माझ्या घरातली!"

"निरोप बंद करायची कल्पना? माझ्या घरातली!"

"आणि आवाज?" भोंगाने विचारलं. दोघेही एकदम म्हणाले, "तो परमेश्वराचा!"

आत्याने तिघांना जवळ ओढलं. डिंकच्या केसांतली पावडर झटकली, भोंगाच्या केसांतल्या तेलाची तिला काही पर्वा नव्हती. "बाळांनो," ती म्हणाली, "उद्या तुम्ही माझ्याबरोबर चला. ध्रुवपदाला मोठा आवाज लागतो."

---

गुरुवारी वॉर्डात हत्ती चिखलातून निघाला. कसा निघाला, ते आत्याच सांगू जाणे! पण राजाने हाक मारली तेव्हा भोंगाने असा सूर लावला की खाटांवरच्या पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि शेजारच्या वॉर्डातून एक डॉक्टर धावत आले. खिडकीजवळची चिमुरडी म्हणाली, "आता मी जाईन आत." म्हणाली आणि शांत झोपली.

संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये आली. डिंकने तिच्याखाली पुठ्ठा सरकवला, तिथेच बैठक मारली आणि जेवायची हाक येईपर्यंत बघत राहिला. पुठ्ठा कोरडा होता.

वरची खिडकी उघडली. "ठिणगे! खाली जाऊन त्याला सांग..."

"जिना बंद आहे, बाबा!"

खिडकीतून थोरल्यांचं अर्धं अंग बाहेर आलं.

"ए बदका! उद्या गाडी मला हवीय!"

खालचं दार धाडकन उघडलं. "विचारतोयस की सांगतोयस?"

"सांगतोय!"

"मग नाही मिळणार! आधी विचारायला शीक! आणि तोंड दाराकडे करून लावू नकोस!"

"मी अशीच लावणार! मोठा मी आहे!"

"मोठा म्हणे! बटणं मोजत बसतो शर्टाची!"

ठिणगी आणि भोंगा मधल्या पायरीवर टेकून बसल्या. किती तरी आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांच्या पायांना सुटी होती.

"केव्हा थांबतील गं?" भोंगाने तिच्या मते हळू आवाजात विचारलं.

जिन्याजवळच्या खोलीतून आत्याचं हसू ऐकू आलं.

"थांबवू नका गं! भांडताहेत, पण एकमेकांशी भांडताहेत!"